टिटवी उठली नाही

चालायला जायची वेळ झाली की हेमकांतचा एक बूट हरवायचा. कधी कॉटखाली सापडायचा, कधी खताच्या गोण्यांमागे, एकदा तर चक्क कूलरच्या मागे निघाला. दामिनी गुडघे टेकून बूट शोधत असायची आणि हे महाशय ओसरीवर पाय हलवत बसलेले असायचे. "ऱ्हाऊ दे आज," तो म्हणायचा, "सकाय जासूत." सकाय म्हणजे उद्या, आणि हेमकांतचा उद्या कधी उजाडत नसे.

दामिनीचा अगदी जीव मेटाकुटीला आला होता. गेल्या वर्षी नवऱ्याला भर दुकानातून उचलून सुरतेला न्यावं लागलं होतं. स्टेंट बसवले. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, गोळ्या मी देतो. चालायचं मात्र त्यांनीच. पुढच्या वेळी सुरतेपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही." ते वाक्य दामिनीच्या कानात घर करून बसलं होतं. ती शहाद्याच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होती. लोकांचं रक्त काढून तपासायचं हा तिचा धंदा. नळीत जे दिसतं ते खरं, बाकी बोलाच्या गप्पा, असा तिचा खाक्या होता. आणि हेमकांतच्या नळीत जे दिसायचं ते पाहून तिची झोप उडायची. त्याला मात्र काही नाही. बी-बियाणांच्या दुकानात बसून शेव-भजी खाणं चालूच.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे चालायला जागा फार चांगली होती. त्यांच्या गावाला, प्रकाशाला, बॅरेज म्हणजे बंधारा झाल्यापासून तापी ऐसपैस पसरली आहे. देवळांच्या घाटापासून ते मासेमारीच्या होड्या लागतात त्या धक्क्यापर्यंत काठाकाठानं पायवाट केलेली आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला केळीच्या बागा. ना चढ, ना उतार. जाताना समोर धक्क्यावरच्या निळ्या-हिरव्या होड्या आणि बांबूंवर वाळत टाकलेली जाळी दिसतात, येताना देवळांचे कळस. मध्ये मध्ये देणगीदारांची नावं कोरलेले सिमेंटचे बाक. सुरुवातीला पक्ष्यांच्या चित्रांचा फलक आहे. त्यातल्या अर्ध्या पक्ष्यांवर लोकांनी पान खाऊन पिचकाऱ्या मारल्या आहेत.

पक्षी मात्र खरोखरचे होते आणि पुष्कळ होते. उन्हाळ्यात पाणी जरा मागे सरलं की ओल्या गाळात शेकाट्ये आपले लाल लांब पाय मोजून टाकल्यासारखे टाकत फिरायचे. बगळे, वंचक, कठड्यावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. हळदी-कुंकू बदकांची जोडपी. दामिनीला यांतली बरीच नावं या वाटेनंच शिकवली होती, आणि दिवसभर सुया टोचून आल्यावर हे सगळं बघणं हा तिचा एकमेव विसावा होता. तोही हेमकांत सुखानं मिळू देत नसे. बूट फरफटत, मोबाइलवर बातम्या मोठ्यानं लावून तो चालायचा आणि बगळ्यांचा थवा दिसला की टाळी वाजवायचा. भर्रकन सगळे उठायचे. पुढच्या वळणावर पाणी जायच्या मोडक्या मोरीजवळच्या खडीत एका टिटवीनं अंडी घातली होती. हे दोघं दिसायचा अवकाश, ती उठून डोक्यावर घिरट्या घालत असा काही आरडाओरडा करायची की धक्क्यापर्यंतचे सगळे पक्षी उठून पलीकडच्या काठाला जायचे.

"झालं समाधान?" दामिनी म्हणायची.

"पक्षी शेत, उडतीनच ना," हेमकांत म्हणायचा. पक्षी आहेत म्हणजे उडणारच.

हे सगळं आखाजीपर्यंतचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या भागात गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, तोंडावर आंबा आणि सांजोरी, हळद-कुंकू, आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पितरांच्या नावानं नैवेद्याचा घास, म्हणजे आगारी. हेमकांतच्या घरी दोन घागरी भरत; एक त्याच्या वडिलांची, चुनीलाल पाटलांची, आणि एक थोरल्या भावाची, हिलालची. त्या वर्षी घागरी आणायला हेमकांत गेला आणि सवयीप्रमाणे कुंभारणीशी घासाघीस करत उन्हात उभा राहिला. ती बाई शेवटी वैतागली. भाव काही कमी करणार नाही, पण वर ही एक घेऊन जा आणि माझ्यापुढून हल, म्हणाली. मोठा तीर मारल्यासारखा तो तीन घागरी घेऊन घरी आला. तिसरी रिकामी कशाला ठेवायची, गार पाणी होईल, म्हणून त्यानंच ती भरली आणि जागा दिसली तिथे, त्या दोघींच्या शेजारी, ठेवून दुकानात निघून गेला.

त्याची आई तापीबाई. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू. ती पूजेला बसली तेव्हा दामिनी आत पुरण घाटत होती आणि घामानं तिचा पदर अंगाला चिकटला होता. सासूचा हात थांबलेला तिला आतून दिसला.

"हाई कोन्ही?" ही कुणाची, असं तापीबाई स्वतःशीच म्हणाली. मग तिनं तिसऱ्या घागरीवरही आंबा ठेवला, सांजोरी ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, आणि निखाऱ्यावर तिसरा घास टाकताना पुटपुटली, "जो व्हई तेन्ही."

जो असेल त्याची. दामिनीनं ते ऐकलं. माय, ती पिण्याच्या पाण्याची आहे, असं ओरडून सांगावं असं तिच्या मनात आलंही. पण पुरण खाली लागत होतं, आणि सांगितलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं मांडायला लागलं असतं. तिनं पुरणात जोरात पळी फिरवली.

त्यानंतर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ. हेमकांत पुढे, दामिनी मागे. बगळे दिसले तसे त्यानं टाळी वाजवली. बगळे उठले नाहीत. त्यानं पुन्हा वाजवली. एका बगळ्यानं मान लांब करून चिखलातला बेडूक टिपला आणि गिळला. हेमकांत चालत चालत त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला. दामिनी त्या जागी पोचायच्या कितीतरी आधी सगळे भर्रकन उडाले.

"दख, दख!" हेमकांत खूश झाला. "वयखतस माले आते."

दामिनीलाही आधी तसंच वाटलं, ओळखत असतील आता त्याला. सवय होते पक्ष्यांना. रोज तोच माणूस, तेच बूट, त्याच बातम्या. पण मग मी कुठे रोज येत नाही, हाही विचार आला. तो तिनं बाजूला सारला, कारण नवरा त्या दिवशी कुरकुर न करता धक्क्यापर्यंत गेला होता आणि एवढं पुण्य तिला बऱ्याच दिवसांनी लाभलं होतं.

आता त्याला चालायचं वेडच लागलं. बूट शोधावा लागेना. तो पाणकावळ्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहायचा आणि दामिनीला लांबून फोटो काढायला लावायचा. वाटेचा रखवालदार नवल फाटकाशी खुर्ची टाकून दिवसभर सुपारी कातरत बसलेला असायचा. तोसुद्धा एकदा उठून बघायला आला.

"भाऊ, काय मंतर मारा हो?"

"मानूस चांगला पाहिजे," हेमकांत म्हणाला, आणि दामिनीकडे बघून डोळा मारला.

एका संध्याकाळी तो मोडक्या मोरीपाशी थांबला. टिटवी खडीत अंड्यांवर बसली होती. तो वाकला. त्यानं बोट पुढे केलं आणि तिच्या पाठीवरून फिरवलं. टिटवी, जिनं आजवर कुत्र्यालासुद्धा त्या वळणावरून सुखानं जाऊ दिलं नव्हतं, ती नदीकडे बघत बसून राहिली. वाऱ्यानं पीस हललं तर पक्षी जसं अंग चोरतो, तेवढंसुद्धा तिनं केलं नाही. दामिनीनं एक पाऊल पुढे टाकलं मात्र, टिटवी किंचाळत उठली आणि तिच्या डोक्यावर झेपा घ्यायला लागली. दामिनी डोक्यावर पदर घेऊन मागे पळाली. हेमकांत पोट धरून हसत होता. तिला मात्र त्या उकाड्यात अंगावर काटा आला.

"मच्छर भी चावतस नही माले आते," घरी परतताना तो म्हणाला.

शनिवारी तिनं त्याला लॅबमध्ये नेऊन रक्त काढलं. शीर चटकन सापडली. नळी भरली. ताज्या रक्ताची नळी तळव्याला कोमट लागते. इतक्या वर्षांत ते तिच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते तिला कधी जाणवतही नसे. ही नळी गार होती. फ्रिजमधून काढलेली नव्हे, सावलीत ठेवलेल्या मडक्यासारखी गार. तिनं त्याला थर्मामीटर लावला, तर त्यात सगळं ठीक. रिपोर्ट आले ते इतके चांगले की तिनं मशीन पुसून पुन्हा तपासणी केली. साखर उत्तम. कोलेस्टेरॉल उत्तम. सुरतेच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "वा! चालण्याचा परिणाम आहे. तुम्हीच जरा विश्रांती घ्या, आवाज थकलेला वाटतो." दामिनीनं कपाळाला हात लावला. इतके दिवस रिपोर्ट वाईट होते तर नवरा ऐकत नव्हता. आता रिपोर्ट चांगले होते तर कुणीच ऐकत नव्हतं.

तेव्हापासून ती त्याच्यावर लक्ष ठेवायला लागली, आणि लक्ष ठेवलं म्हणूनच तिच्या ध्यानात आलं की तो पाणी फक्त तिसऱ्या घागरीतलं पितो. उठल्यावर, जेवताना, चालून आल्यावर. बाकीच्या घागरींवरून हात पलीकडे नेऊन तो तिच्यातच तांब्या बुडवायचा.

"आठलं पानी बठ्ठाम्हा थंडं शे," तो म्हणाला. यातलं पाणी म्हणे सगळ्यांत गार.

"भरतं कोण ती?" तिनं विचारलं.

"तूच भरतीस ना?"

ती भरत नव्हती. सासूच्या कमरेत भरली घागर उचलायचं बळ नव्हतं. आणि घागर तर सकाळ-संध्याकाळ काठोकाठ भरलेली. या घरात कुणी काय केलं ते कुणाला आठवत नाही, हे दामिनीला जुनंच होतं; त्यामुळे आधी तिला भीती वाटली नाही, संताप आला. तिनं घागर उचलली, परसात नेली आणि मोगऱ्याच्या आळ्यात पालथी केली. घागर गच्चीवर नेऊन उन्हात उपडी ठेवली. मग ती ड्यूटीला गेली.

दुपारी नवलचा फोन आला. "वैनी, भाऊ आठे उना शे, भर उनम्हा. पानी पानी करी ऱ्हायना. मी बाटली दिधी, पन पानी पोटम्हा टिकस नही."

ती स्कूटी दामटत आली तेव्हा हेमकांत घरी परतून ओसरीवर बसलेला होता, ओठांना भेगा पडलेल्या, हातात रिकामा तांब्या. पण चेहरा शांत. आणि घागर आपल्या जागी होती. सुलटी, तोंडावर फडकं, भरलेली.

"माय नी ठेवी व्हई," तो म्हणाला.

तापीबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती.

दामिनीनं वरवंटा उचलला. फोडून टाकायची, एकदाची कटकट जाईल. हात वर गेला आणि तिथेच राहिला. भरलेली घागर मुद्दाम फोडतात ती कुठे आणि कुणाच्या पुढे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सासऱ्यांच्या वेळी तिनं ते घाटावर लांबून पाहिलं होतं. तिनं वरवंटा खाली ठेवला.

त्या दिवसापासून हेमकांत दुकानात जाईना. सकाळी उठून वाटेवर जायचा, तो दुपारी हाक मारावी तेव्हा यायचा. पुन्हा जायचा. दामिनीनं रजा टाकली. त्याच्या मागे मागे चालून तिच्या नाकी नऊ आले. मोबाइलवर बातम्या नाहीत, बूट फरफटत नाहीत. त्याच्या चालण्याचा आवाजच होत नव्हता. पाण्याच्या कडेनं तो जायचा आणि शेकाट्ये त्याच्या पायांमधून वाट काढत चरत राहायचे.

एका संध्याकाळी तो धक्क्याजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. ऊन कलत होतं. होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या.

दामिनी वीसेक पावलांवर होती. बाकाच्या पाठीवर एक पाणकावळा येऊन बसला आणि त्यानं पंख पसरले. मग एक वंचक चिखलातून चालत आला. त्यानं बाकाकडे पाहिलं, उडी मारली आणि हेमकांतच्या गुडघ्यावर बसला. एका पायावर. मान खांद्यात घेऊन.

हेमकांत त्याच्याकडे बघतही नव्हता.

"उठा," दामिनी म्हणाली.

तिचा आवाज ऐकताच दोन्ही पक्षी उडाले.

"मी बठस आठे," हेमकांत म्हणाला. "माले बरं वाटी ऱ्हायनं. तू जाय घर."

"उठा म्हणते ना!"

"तू जाय ना, दामिनी." किती वर्षांनी तो तिच्याशी इतक्या मऊ आवाजात बोलला होता. त्या मऊपणानंच ती घाबरली. वाद घाल, चिडव, टाळी वाजव, काहीतरी कर. राग अनावर झाला की तिला अहिराणी सुटायची. "काही बठानं नही आठे! उठा! आयकतस का? उठा!" ती ओरडली आणि तिनं त्याचा हात धरून ओढला.

हात गार होता. मनगटाला तिनं बोटं लावली. नाडी होती. सावकाश, अगदी नियमित, लांब कुठेतरी मोटर चालू असावी तशी.

नवलच्या मोटरसायकलवर मध्ये बसवून त्यांनी त्याला घरी आणलं. तो हसत होता. एवढी काय घाई, म्हणत होता.

तो पडल्या पडल्या झोपला. दामिनी स्वयंपाकघरात आली. दिवेलागणीची वेळ. तापीबाई तिसऱ्या घागरीपाशी बसली होती. तिच्या हातात तांब्या होता आणि तिची चोळी, पदर, मांडी, सगळं ओलं होतं.

"माय, काय करताय?"

म्हातारीनं मान वर केली नाही. "तीन दिखन्यात माले. म्हनं, आपलाच कोनी भूलाई गया व्हई. भरेल घागरले उपाशी कसं ठेवानं?" ती थांबली. "नावच नही लिधं मी कोनं. म्हनं, जो व्हई तेन्ही."

"मला माहीत आहे. मी ऐकलं होतं."

तापीबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"मी रोज पेस," तापीबाई म्हणाली. "पहाटले उठीसन पेस. मन्हं वय शे जावानं, मन्हा पोऱ्यानं नही. पन गळाम्हा उतरस नही ते पानी. बाहेर यी जास." तिनं दामिनीपुढे तांब्या उचलून तोंडाला लावला. पाणी ओठांच्या दोन्ही कडांनी बाहेर आलं आणि हनुवटीवरून मांडीवर पडलं. एक घोट आत गेला नाही. म्हातारी रडायला लागली, आवाज न करता.

दामिनीनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. एक जुना, ओळखीचा वैताग तेवढा वर आला: सिलिंडर संपला की तीच, लाइटबिल तीच, सुरतेची धावपळ तीच, हरवलेला बूट तीच. या घरातलं कुठलं काम शेवटी तिच्याकडे आलं नव्हतं?

तिनं तांब्या घागरीत बुडवला.

तापीबाईनं तिचं मनगट धरलं. "तू नको, बेटा. तुन्हा पाया पडस. तू नको पेवू."

"मग कोण?" दामिनी म्हणाली. "सांगा ना, माय. कोण?"

म्हातारीची बोटं सैल पडली.

पाणी गार होतं आणि गोड होतं. ते सरळ खाली उतरलं. पहिला तांब्या संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला किती तहान लागली होती. ती पीत राहिली. घागर कलती करावी लागली, मग हातात उचलावी लागली. तळाचं शेवटचं पाणी ती थेट घागर तोंडाला लावून प्यायली. तापीबाई तोंडात पदर कोंबून बघत होती.

आतल्या खोलीत हेमकांत खोकला. मग त्याचा आवाज आला, खणखणीत, तक्रारीचा. "आरे, काय उकडी ऱ्हायनं! कूलर कोनी बंद करा?"

दामिनी तिथेच जमिनीवर बसून हसली. मग रडली. मग जाऊन तिनं कूलर लावला.

सकाळी ती ताजीतवानी उठली. घागर रिकामी होती. तिनं हात घालून तळ चाचपडून पाहिला, कोरडा ठणठणीत. हेमकांतनं उठल्या उठल्या चहात साखर कमी म्हणून कटकट केली, मच्छर चावले म्हणून दंड खाजवून दाखवला. तिनं त्याचा दंड धरला. गरम होता. त्यावरच्या लाल गांधी बघून तिला इतकं बरं वाटलं की साखरेवरून भांडायचं राहूनच गेलं.

ते वाटेवर आले तेव्हा ऊन कोवळं होतं. हेमकांत आपल्या तोऱ्यात पुढे. गाळात बगळे होते. तो दिसताच भर्रकन उठले.

तो थांबला. पुढचे शेकाट्ये ओरडत उठले. कठड्यावरचे पाणकावळे एकामागून एक पाण्यात पडले.

"भूली ग्यात माले!" तो वळून म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"बरं झालं," दामिनी म्हणाली.

तो रुसून पुढे निघाला, बूट फरफटत, पेव्हर ब्लॉकवर खसाखसा आवाज करत. मोडक्या मोरीपाशी टिटवीनं त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून शंख केला. त्यानं शिव्या देत हात हवेत फिरवला आणि पाय उचलले. टिटवी परत येऊन खडीत उतरली आणि अंड्यांवर बसली. दामिनी मागून त्याच्या पाठीकडे बघत चालत होती. मानेवर घामाचा ओघळ, शर्टाला पाठीवर पडलेला डाग. यापेक्षा सुंदर काही तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पण फार भराभर चालत होता. डॉक्टरांनी घाई करायची नाही म्हणून बजावलं होतं. मोडक्या मोरीपाशी येऊन ती थांबली.

"ओ, आयकतस का?" तिनं हाक मारली. "जरा धीरे चाला!"

तो वळला नाही. त्यात नवीन काही नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यानं पहिल्या हाकेला कधी ओ दिली नव्हती. दामिनीला त्याचा नेहमीसारखा राग आला. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा काठ दणाणून जाईल अशी पुन्हा हाक मारली.

तिच्या पायाच्या अंगठ्याशी टिटवीनं पंख सैल सोडले आणि डोळे मिटून घेतले.